जांभळ्या काठाचं लुगडं

अमरावतीला मी भाड्याने खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला आधी बसवलं, पाणी दिलं आणि मग उठून अंगणाकडे तोंड करून उभं राहायला सांगितलं. मला वाटलं, भाड्याचं बोलणं असंच करायची इथली पद्धत असेल. मी उभी राहिले. पाठीमागून प्रश्न आला, "मास्तरीण बाई, तुमी बसल्या होत्या त्या भिंतीले खुट्या किती हायत?"

मी चार म्हटलं. ते म्हणाले, तीन. चौथा खिळा आहे. खोली हातची गेली असं समजून मी पिशवी उचलली, तर म्हणाले, खोली तुमचीच. जो पहिल्याच दिवशी सगळं बरोबर सांगतो तो घर हेरायला आलेला असतो, असं त्यांचं म्हणणं. त्या एका वाक्यावरून मी ओळखायला हवं होतं की या घरात बरोबर आणि चूक दोन्हींवर संशय घेतला जातो. पण मला मुलींच्या शाळेत दुसऱ्या दिवशी हजर व्हायचं होतं, आणि एकट्या बाईला खोली द्यायला त्या काळात कोणी रांगेत उभं नव्हतं.

ते निवृत्त नाकेदार होते. परतवाड्याकडून येणाऱ्या रस्त्यावरच्या जकात नाक्यावर त्यांची उभी हयात गेली होती. गाडी अडवायची, आत काय आहे ते बघायचं, आणि जे सांगितलं जातंय ते खोटं आहे असं धरून चालायचं. नोकरी सुटली तरी हे सुटलं नाही. लोणच्याच्या बरणीच्या झाकणावर ते तुळशीचं पान ठेवत आणि ते कुठल्या बाजूला कललंय हे लक्षात ठेवत. कुलपावर खडूचा ठिपका असे. बाहेर जाताना दारात काडी उभी करून जात, आणि परत आल्यावर ती काडी पडलेली नसली तर जास्तच बेचैन होत, कारण मग कोणीतरी ती पुन्हा उभी केली असणार.

त्यांचा लौकिक मात्र खरा होता. त्या रस्त्याने संत्र्यांच्या गाड्या येत, त्यातली एक त्यांनी नुसत्या बैलांवरून धरली होती. गाडीवान नवा, गाडीला रंग नवा, वर संत्री. पण तेच बैल महिन्यापूर्वी तेवढ्याच संत्र्यांनिशी तरतरीत आले होते आणि आज पाय ओढत होते. खाली दुसरी फळी निघाली आणि फळीखाली तांब्याची भांडी. ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून निदान वीस वेळा ऐकली. दर वेळी बैलांच्या शिंगांचं वर्णन अक्षरशः तेच असे. गाडीवान कसा दिसत होता असं मी एकदा विचारलं, तर ते गोंधळले. म्हणाले, असेल कोणीतरी.

तेव्हा मला गंमत वाटली. पुढे हळूहळू ध्यानात आलं की माणसाच्या हातात, डोक्यावर, गाडीत काही असलं तरच तो त्यांना दिसतो. नाक्यावर बारा वर्षं सोबत काढलेला शिपाई एकदा रस्त्यात भेटला, रिकाम्या हाताने. तो रामराम करून थांबला, आणि हे त्याच्याकडे असे पाहत राहिले की तो बिचारा स्वतःच आपलं नाव सांगून मोकळा झाला. रिकाम्या हाताची माणसं त्यांच्या नाक्यावरून आयुष्यभर न अडता गेली होती.

घरात ते आणि त्यांच्या धाकट्या भावाची विधवा बायको, एवढीच दोन माणसं. त्यांची स्वतःची बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. भाऊ गेला तेव्हा भावजय पंचविशीतली, माहेरी कोणी नव्हतं म्हणून इथेच राहिली. तिचं नाव गिरजाबाई. मी जेवायला त्यांच्याकडेच होते, म्हणजे तिच्या हातचं. चार वर्षं.

नाकेदार तिचे भासरे, म्हणजे थोरले दीर. भासऱ्यासमोर बाईने तोंड उघडं ठेवायचं नाही, आवाज ऐकू द्यायचा नाही, ही रीत तिथल्या सगळ्याच घरांत होती. पण या घरात ती जरा जास्त कडक पाळली जाई, कारण एका छपराखाली दोघंच राहतात म्हटल्यावर गल्लीतले डोळे होतेच. ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले की आधी खाकरत. ती पदर हनुवटीपर्यंत ओढून भिंतीकडे वळे. काही सांगायचंच झालं तर मधल्या माणसाला किंवा भिंतीला सांगायचं. मी येण्याआधी सोळा वर्षं भिंत होती. मी आल्यावर मी होते. माझ्या कानाशी ती पुटपुटे, "त्यायले म्हना, दळन संपलं," आणि मी ते तीन हातांवर बसलेल्या माणसाला मोठ्याने सांगे. तेही मलाच म्हणत, "घरात सांगा, येते ज्वारीची पायली." ती त्यांच्या लेखी 'घरात' होती. नावाने तिला कोणी हाक मारलेली मी ऐकली नाही.

आणि याच माणसाला भाकरीच्या पहिल्या घासाला कळे की ज्वारी नेहमीची हिवरखेडकडची नाही, दुसरी आहे. मिठाची बरणी वितभर सरकली तर कळे. ताट कुठल्या हाताने ठेवलं गेलं हे मात्र मला वाटतं त्यांना कधीच कळलं नसावं. तोंड पाहू नये अशी रीत होती, हात पाहू नये अशी काही नव्हती.

गिरजाबाई माझ्याकडून अक्षरं शिकली. दुपारी मी शाळेतून आले की ती पाटी घेऊन माझ्या खोलीत येई. कारण निवडणूक होती. स्वराज्यानंतरच्या पहिल्या निवडणुकीत नाव लिहून घ्यायला कोणी आला होता, तेव्हा घरातून 'अमक्याची बायको' एवढंच सांगितलं गेलं आणि यादीत तिचं नाव आलंच नाही. या खेपेला मी स्वतः कारकुनाला दारात थांबवून नाव सांगितलं. यादी छापून आली तेव्हा ती ओळ मी तिला दाखवली. तिने त्या ओळीवर बोट ठेवलं आणि किती तरी वेळ उचललं नाही. म्हणाली, "हे मी व्हय?" ते मत तिला काहीही करून द्यायचं होतं. कोणाला द्यायचं हे तिने मला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

तिला जवळचं दिसेनासं झालं होतं, म्हणून मतदानाच्या आठ दिवस आधी मी तिला चष्मा करून आणला. नेहमीची तिची दोन लुगडी, दोन्ही मातकट रंगाची, त्यातलं मतदानाच्या सकाळी एक ओलं आणि दुसरं फाटलेलं. मी अकोल्याच्या घरून येताना आईचं एक जांभळ्या काठाचं लुगडं आणलं होतं, ते दिलं. तिने आढेवेढे घेतले आणि मग नेसली. पदर डोक्यावर घेतला, पण तोंडावर ओढला तर चष्म्यावर येई आणि काही दिसत नसे. म्हणून कपाळावरच ठेवला. आरशात पाहिलं आणि जरा हसली.

नाकेदार पहाटेच गेले होते. एका वकील उमेदवाराचे ते पोलिंग एजंट होते. खोटं मत देणारा माणूस ओळखून अडवायचा, हे त्यांच्या आवडीचं काम. वॉर्डातलं एकूण एक माणूस आपण ओळखतो असं त्यांनी महिनाभर गल्लीत सांगून ठेवलं होतं. दुपारपर्यंत त्यांनी दोघांना पकडलं होतं, एकाला बोटावरची शाई घासून काढल्याच्या खुणेवरून, दुसऱ्याला मेलेल्या माणसाचं नाव सांगितल्यावरून. आम्ही बायकांच्या रांगेतून आत गेलो तेव्हा ते बाकावर ताठ बसले होते आणि खुशीत होते.

गिरजाबाई माझ्या पुढे होती. मतदान अधिकाऱ्याने यादीतून तिचं नाव वाचलं, नवऱ्याचं नाव वाचलं, घर नंबर वाचला. नाकेदार उभे राहिले.

"थांबा. हे नाव आमच्या घरातलं हाय. आमच्या घरातली बाई घरी हाय. हे बाई दुसरीच कोनी हाय."

आपल्याच घराच्या नावावर कोणी चोरून मत देतंय, या कल्पनेने त्यांचा आवाज कापत होता. त्यांनी तिच्या तोंडाकडे सरळ पाहिलं, चांगलं खालवर पाहिलं, आणि पुन्हा म्हणाले, ही बाई मी कधी पाहिलेली नाही. खिशातून दोन रुपये काढून हरकतीची अनामत टेबलावर ठेवली.

मी तिच्या पाठीमागे दोन हातांवर उभी होते. एक शब्द बोलले असते तर सगळं तिथेच मिटलं असतं. मी बोलले नाही. खरं सांगायचं तर खुट्या आणि खिळे मोजायला लावून ज्याने मला चार वर्षं छळलं, त्या माणसाची फजिती मला डोळे भरून पाहायची होती. आणि मनात एक संशयही आला होता. हा माणूस हिला ओळखत नाही हे शक्यच नाही. पदर कपाळावर ठेवून चारचौघांत आली म्हणून हा तिला शिक्षा करतो आहे.

केंद्राचे अध्यक्ष कचेरीतले कोणी थंड स्वभावाचे गृहस्थ होते. त्यांनी तिला विचारलं, बाई, तुमचं घर कोणतं, तुम्हाला ओळखणारं इथे कोणी आहे का. तिने माझ्याकडे वळून पाहिलं नाही. खाली बघत उभी राहिली. रांगेतल्या बायका कुजबुजायला लागल्या. एक शिपाई पुढे सरकला. ती आता रडत बाहेर जाणार, असं मला वाटलं आणि तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही.

तिने भिंतीकडे तोंड केलं. आणि भिंतीला बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

"त्यायले म्हना, कोट काढा. आतून डाव्या खिशाखाली ठिगळ हाय. काळा दोरा सरला होता, तं मी निळ्या दोऱ्यानं शिवलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी."

नाकेदार म्हणाले, कोट माझा आहे, त्याला ठिगळबिगळ काही नाही, मला माहीत नसेल का. अध्यक्षांनी नुसता हात पुढे केला. त्यांनी कोट काढला आणि उलटा केला. ठिगळ होतं. बारीक, एकसारख्या टाक्यांचं, निळ्या दोऱ्याचं. धुण्यात रंग थोडा उडालेला.

त्यांनी त्या टाक्यांवरून अंगठा फिरवला. मग तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या तोंडावर मला जे दिसलं ते ओळख पटल्याचं नव्हतं. हिशोब चुकल्यावर माणूस पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतो तसे ते पाहत होते. अध्यक्षांनी हरकत फेटाळली. गिरजाबाईच्या बोटाला शाई लागली, ती पडद्याआड गेली, आली, आणि कोणाकडे न पाहता बाहेर पडली. नाकेदार मतदान संपेपर्यंत बाकावर बसून होते. नंतर त्यांनी कोणालाही अडवलं नाही, असं म्हणतात. त्या दुपारी कोणकोणाची नावं घेऊन कोण मत देऊन गेलं ते देव जाणे.

गल्लीत दोन मतं पडली. काहींचं म्हणणं, म्हातारा मुद्दाम बोलला, कारण घरातलं मत दुसऱ्या उमेदवाराला जाणार हे त्याला कळलं होतं. काहींचं म्हणणं, उघड्या तोंडाचा राग. खरंच ओळखलं नसेल, असं म्हणणारं कोणी नव्हतं. बैलाच्या चालीवरून तांब्याची भांडी ओळखणारा माणूस वीस वर्षं आपल्याला जेवू घालणारी बाई ओळखत नाही, हे कोणाला पटेल? मला तर मुळीच पटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "ते चष्मा कधीपासून लावते?" मी म्हटलं आठ दिवस झाले. ते स्वतःशी म्हणाले, "आठ दिवस." मला तो निव्वळ देखावा वाटला आणि मी पाठ फिरवून निघून गेले.

गिरजाबाईला मात्र मी विचारलंच, तुला काय वाटतं, खरंच नसेल ओळखलं? ती भाकरी थापत होती. म्हणाली, "नसनच ओळखलं. पन बाई, राग नाही आला मले. वीस वर्सांत पयल्यांदा कोनी इचारलं ना, हे बाई कोन हाय म्हनून."

त्यानंतर मी तिथे फार दिवस राहिले नाही. अकोल्यालाच नोकरी मिळाली. निघायच्या आधीच्या महिन्यांत एक फरक दिसत होता. ते दाराशी खाकरत, पण ती पदर कपाळापाशीच थांबवी, आणि ते ताटाकडे बघायच्या ऐवजी वर बघत. अवघडून, चोरून, पण बघत. मला तेही संशयास्पदच वाटलं. आता यांना हिच्यात काय सापडायचं आहे, असं मी मनात म्हणे. जांभळ्या काठाचं लुगडं मी तिलाच ठेवून आले.

पाच-सहा वर्षांनी एका दुपारी अकोल्याला माझ्या दारात ते उभे. खूप वाळलेले, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली लांब सुरळी. मी दार उघडलं ते रिकाम्या हाताने, तरी त्यांनी लगेच ओळखलं. "वेनी सोडून अंबाडा घालता आता. उजव्या गालावर वांग आलं." मी चकित झाले. मग म्हणाले, गिरजा गेली. दोन महिने झाले. ते तिचं नाव घेत होते.

तिचा फोटो कधी काढलेलाच नव्हता. अकोल्यात दुकानांच्या पाट्या आणि नाटकांचे पडदे रंगवणारा एक पेंटर होता, तो सांगण्यावरून माणसाचं चित्र काढून देतो असं ऐकून ते चार वेळा एसटीने येऊन गेले होते. त्याच्याजवळ बसून सांगायचं, त्याने काढायचं, पुसायचं, पुन्हा काढायचं. तीन चित्रं झाली होती. ती त्यांनी माझ्या दिवाणावर ओळीने मांडली आणि बाजूला उभे राहिले.

"तुमी तिच्यापाशी बसत होत्या, तिचा हात धरून लिहवत होत्या. सांगा, यातली गिरजा कोनती?"

पुन्हा परीक्षा. माझ्या अंगात जुना राग उठला. बायको नाही, भावजय, जिला मेल्यावर नाव मिळालं, तिच्याही चित्राचा यांनी नाका करावा. आणि परीक्षा सोपी होती. मी एकदाच पाहिलं. मधल्या चित्रात गोल चष्मा, डोक्यावर पदर, आणि पदराला जांभळा काठ. आईचं लुगडं मी कुठेही ओळखलं असतं. मी मधल्या चित्रावर बोट ठेवलं. "ही. डोळे मिटून सांगेन."

त्यांनी ते चित्र बाजूला सारलं.

"ते पेंटरची आत्या हाय," ते म्हणाले. "लुगडं मी सांगतलं तसं काढलं, चष्मा सांगतला तसा काढला. तोंड त्याले जमेना, तं घरचं घातलं. म्हनून दुसरं काढाले लावलं." आणि त्यांनी उजव्या कडेच्या चित्राकडे हात केला. "हे गिरजा."

त्या चित्रात चष्मा नव्हता, लुगडं मातकट होतं. डाव्या भुवईत एक खाच होती. चुलीतलं लाकूड फुटून उडालं होतं, त्यांनी सांगितलं, माझ्या आधीच्या काळातली खूण. खालचा ओठ वरच्यापेक्षा जाड. एक कान किंचित पुढे. मी पाहत राहिले. चार वर्षं ती माझ्यासमोर बसली, तिचं मनगट धरून मी 'ग' गिरवून घेतला, आणि ही बाई मी कधी पाहिलेली नव्हती. मी म्हटलं, हो हो, हीच की. त्यांना कळलं की मी खोटं बोलते आहे. आयुष्यभर तेच तर ऐकलं होतं त्यांनी.

त्यांनी काही दूषण दिलं नाही. खाली बसून एकेक चित्र गुंडाळायला लागले. आणि मला, त्या सुरळीकडे बघता बघता, इतक्या वर्षांनी पटलं की त्या दुपारी त्यांनी तिला खरोखरच ओळखलं नव्हतं. त्यांनी लुगडं नवं पाहिलं आणि बाई नाकारली. मी लुगडं ओळखीचं पाहिलं आणि पेंटरची आत्या पत्करली. फरक एवढाच, की नंतर ते पाच वर्षं पाहत राहिले. मला खूप लाज वाटली, आणि ती लाज एका गोष्टीपुरती नव्हती. मी म्हटलं, "नाकेदार, एक सांगायचं राहिलं आहे. मत द्यायच्या दिवशी मी तिच्या मागेच उभी होते."

ते दोरी बांधत होते. वर न पाहता म्हणाले, "मालूम हाय. तुमच्या हाती काळी छत्री होती. एक काडी मोडेल होती तिची."

छत्रीचं मला आठवत नव्हतं. त्यांनी चहा घेतला, सुरळी काखेत मारली आणि एसटीची वेळ झाली म्हणून निघाले. ते गेल्यावर मी कपाटाच्या वरून जुनी छत्री काढली आणि उघडून पाहिली.